‘चार्ज’ या एका शब्दासाठी दोन संध्याकाळी : सांगलीतील एका इंग्रजी वर्गाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मी पत्रव्यवहार सांभाळतो. मागच्या हंगामात बारदानाच्या गाठींत पोती कमी निघाली, तेव्हा परराज्यातील पुरवठादारास मी ‘वी चार्ज यू फॉर शॉर्ट सप्लाय’ असे लिहिले, आणि नेमके किती रुपये आकारणार ते कळवावे, असे त्याचे उत्तर आले. मला तक्रार नोंदवायची होती. त्याला ती पैशाची मागणी वाटली. त्यानंतर मी विश्रामबागेतील नोकरदारांच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात नाव घातले.

या वर्गाचा मोठा गुण असा की, तेथे शब्द त्याच्या सोबत्यांसह शिकवला जातो. ‘चार्ज’ला बाईंनी दोन संध्याकाळी दिल्या. फळ्यावर प्रथम बैलगाडी काढून त्यांनी सांगितले की, हा शब्द गाडी या अर्थाच्या ‘कारुस’ या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ओझे लादणे असा आहे. तोफेत दारू भरणे, बॅटरीत वीज भरणे, माणसावर जबाबदारी टाकणे, आरोप ठेवणे, गिऱ्हाइकावर आकार लावणे, हे सारे त्या एका भरलेल्या गाडीतून कसे निघाले ते उलगडत गेले, तेव्हा आपण रोज बोलतो ते चार्जर, चार्जशीट आणि लाठीचार्ज एकाच घरातले आहेत, हे मला प्रथमच जाणवले.

माझे वाक्य चुकले होते ते ‘फॉर’मुळे. ‘चार्ज फॉर’ म्हटले की बहुधा पैसे आकारणे आले. आरोपासाठी ‘चार्ज विथ’ हवे, आणि तेही मुख्यतः पोलीस किंवा न्यायालय करते. साध्या माणसाने दोष दिला तर ‘अक्यूज ऑफ’. व्यापारी पत्रात मात्र हे दोन्ही कठोरच. तेथे ‘कंप्लेन’ पुरते. ‘द वॉचमन इज इन चार्ज ऑफ द गोडाऊन’ म्हणजे गोदाम वॉचमनच्या ताब्यात, तर ‘द गोडाऊन इज इन द चार्ज ऑफ द वॉचमन’ म्हणजेही तेच. केवळ एका ‘द’ने वाक्याची दोन्ही टोके आपसांत बदलतात. हे उदाहरण मी वहीत चौकट करून ठेवले आहे.

वर्गाच्या छापील टिपणांबद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. त्यांत चार्ज, प्राइस, कॉस्ट आणि फी हे चारही शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत दिले आहेत. हळदीच्या पोत्याला प्राइस असते, हमाली आणि तोलाई हे चार्जेस असतात, शेतकऱ्याला पीक काढेपर्यंत आलेला खर्च ही कॉस्ट असते, आणि वकील किंवा डॉक्टर घेतो ती फी. बाईंनी हा फरक तोंडी नीट समजावला. परंतु गैरहजर राहणाऱ्याच्या हाती फक्त टिपणे उरतात आणि तो ती ओळ तशीच पाठ करतो. ही पाने पुन्हा छापण्याआधी प्रत्येक शब्दापुढे एकेक वाक्य घालावे, अशी विनंती मी लेखी दिली आहे.

ज्यांना रोज इंग्रजीत चार ओळी लिहाव्या लागतात, त्यांनी येथे अवश्य नाव घालावे. बोलण्याचा सराव हवा असणाऱ्यांना त्यासाठी मिळणारा वेळ अपुरा वाटेल. पुढच्या आठवड्यात ‘इश्यू’ हा शब्द आहे.