लग्नाच्या कामाला लायका एम१० चालतो का? दीड वर्ष वापरून लिहितोय

अंतरपाट बाजूला झाला तेव्हा माझ्या हातात लायका एम१० हा हाताने फोकस करायचा कॅमेरा होता आणि त्या दोन सेकंदांचे मी चार फोटो काढले, त्यातला एकही नीट फोकसमध्ये नाही. नवरी हार घालायला अर्धं पाऊल पुढे आली, मित्रांनी नवऱ्याला वर उचलला, आणि माझं बोट लेन्सच्या रिंगवर अजून आधीच्याच अंतरावर अडकलेलं. पलीकडच्या बाजूला माझा पार्टनर मिररलेस (आजचा नेहमीचा डिजिटल कॅमेरा) घेऊन उभा होता, डोळा पकडणारा ऑटोफोकस लावून, त्याच्याकडे सगळं होतं, उडणाऱ्या अक्षता, हार, नवरीच्या डोळ्यातलं पाणी, सगळं. अल्बममध्ये त्याचे फोटो गेले. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, काही कळलं नाही, पण मला ती रात्र झोप लागली नाही, कारण पैसे मी त्याच दोन सेकंदांचे घेतले होते.

आणि त्याच अल्बमच्या कव्हरवर जो फोटो आहे तो मात्र एम१० ने काढलाय. त्याबद्दल पुढे लिहितो.

हे सांगायचं कारण म्हणजे महिन्यातून एकदा तरी कुणी ज्युनिअर विचारतोच, दादा, लायका घेऊ का, कामाला चालेल का. इंटरनेटवर बघितलं तर निम्मे लोक म्हणतात की हा कॅमेरा म्हणजे फोटोग्राफीचा आत्मा आणि उरलेले म्हणतात श्रीमंतांचं खेळणं, आणि या दोघांपैकी बहुतेकांनी तो पैसे घेऊन केलेल्या कामावर कधी वापरलेला नसतो. मी पुण्यात सोळा वर्षं लग्नं करतोय, मधल्या काळात स्वतःसाठी वारी, जत्रा, आणि दीड वर्षापूर्वी सेकंडहँड एम१० घेतला, सोबत एक जपानी ३५ एमएम एफ २ लेन्स. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

ज्यांनी कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिला फाइंडर म्हणतात, तिच्यातून बघायचं. पुढून पाहिलं तर शेजारी आणखी एक छोटी खिडकी दिसते, तिच्यातून आलेलं चित्र फाइंडरच्या मधोमध एका छोट्या चौकोनात दिसतं, आणि फोकस चुकीचा असेल तर त्या चौकोनात सगळं डबल दिसतं. रिंग फिरवायची, दोन चित्रं सरकत सरकत एकमेकांवर बसली की फोकस झाला. बास. यालाच रेंजफाइंडर म्हणतात. मोटर नाही, ट्रॅकिंग नाही, सगळं बोटांवर. या दोन खिडक्यांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढा फोकस अचूक, आपले दोन डोळे अंतर ओळखतात तेच तत्त्व.

आता कव्हरचा फोटो. लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलाच्या घरी होतो, आजी नातवाला मुंडावळ्या बांधत होत्या. खोली लहान, एकच खिडकी, आजींचे हात थरथरत होते आणि गाठ बसत नव्हती. मी साधारण मीटरभर अंतरावर जमिनीवर बसलो होतो. मुंडावळ्यांचे मोती सरळ खाली लोंबत होते आणि रेंजफाइंडरला उभ्या रेघा फार आवडतात, कारण त्याची दोन चित्रं आडवी सरकतात, उभी रेघ फुटलेली लगेच दिसते. चौकोनात मोत्यांच्या दोन सरी दिसत होत्या, मी रिंग हलवली, दोन्ही सरी सावकाश जवळ येत एक झाल्या, आणि त्याच क्षणी आजींनी गाठ मारून नातवाच्या गालावरून हात फिरवला. एक फोटो काढला. शटरचा आवाज इतका हलका की दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही. तिथे मोठी लेन्स, फ्लॅश, दोन बॉड्या लटकवलेला मी असतो तर आजी पहिल्यांदा पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघून हसल्या असत्या, असं शंभर वेळा झालंय.

म्हणजे हा कॅमेरा कुठे कामाचा ते त्या खोलीत कळतं. जवळ बसता येतं, माणसं ओळखीची झालेली असतात, प्रसंग सावकाश घडतो आणि पुढे काय होणार हे तुम्हाला साधारण माहिती असतं.

दुसरी गोष्ट वारीतली. माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढते तो दिवस. घाटात माणूसच माणूस, पाऊस येऊन जाऊन. मी ३५ एमएम लेन्स एफ ८ वर (म्हणजे तिचं छिद्र लहान करून) ठेवली आणि रिंग ३ मीटरवर. हिशोबाने साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं ठीकठाक शार्प येतं (२४ मेगापिक्सेलवर झूम करून बघणार असाल तर थोडं कमीच धरा), म्हणजे मग फोकस करायचाच नाही, डोळ्याला लावायचा आणि दाबायचा. जगातला कुठलाही ऑटोफोकस याच्यापेक्षा वेगवान असू शकत नाही, कारण इथे फोकस आधीच झालेला आहे. आणि फाइंडरमध्ये ३५ ची चौकट पांढऱ्या रेघांनी दाखवलेली असते पण तुम्हाला चौकटीच्या बाहेरचंही दिसत असतं. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी समोरून येत होत्या, उजवीकडून एक निळी छत्री चौकटीत शिरायला निघालेली मला आधीच दिसली, मी अर्धं पाऊल डावीकडे सरकलो, छत्री बरोबर मावशींच्या मागे आली. मिररलेसच्या फाइंडरमध्ये ती छत्री फ्रेममध्ये आल्यावरच दिसली असती. शिवाय शटर उडतो तेव्हा चित्र काळं होत नाही, कारण खिडकीचा आणि सेन्सरचा संबंधच नाही. त्या मावशींनी नेमके त्या क्षणी डोळे मिटले होते की नाही हे मला फोटो काढतानाच माहिती होतं.

पण याच दिवे घाटात मी पाऊण दिवस कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून चाललो हेही सांगितलं पाहिजे. बॉडीला थोडंफार रबर सीलिंग आहे, माझ्या लेन्सला अजिबात नाही, आणि पावसाळ्यातल्या सरीत एवढी महाग वस्तू उघडी धरायची माझी तरी हिंमत नाही. लक्ष्मी रोडवर विसर्जनाला गुलाल उधळतात तिथेही नेत नाही.

आता जिथे अडतं ते, आणि जरा सविस्तर, कारण पैसे घालणारा माणूस इथेच फसतो.

लांबच्या लेन्सचं काम विसरा. एम१० मध्ये २८ ते १३५ एमएमपर्यंतच्या लेन्सच्या चौकटी आहेत (आकडा मोठा तेवढी लेन्स लांबची) पण मजा ३५ आणि ५० लाच. ९० ची चौकट लहान होते आणि १३५ ची तर मधे एवढीशी डबी, तिच्यात माणसाचा चेहरा ओळखायचा म्हणजे अंदाजच. मंगलाष्टकं चालू आहेत, स्टेजभोवती तीस नातेवाईक, व्हिडिओवाल्याचे दिवे, आणि तुम्ही हॉलच्या मध्यावर, तिथे ७०-२०० ची झूम लेन्स पाहिजे म्हणजे पाहिजेच. उलट बाजूला २८ ची चौकट मला चष्म्यामुळे पूर्ण दिसत नाही, डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. आणि जवळचं, रेंजफाइंडर ७० सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही. मेहंदीचे डिटेल, अंगठी, जोडवी, हे सगळं दुसऱ्या कॅमेऱ्यावर.

चौकटीही अंदाजाच्याच असतात. खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला आहे, त्यामुळे जवळून काढताना चौकट स्वतःहून सरकून भरपाई करते, तरी कडेची बोटं कापली जायची भीती राहतेच. मी थोडी जागा सोडून काढतो आणि एडिटमध्ये क्रॉप करतो. लेन्स मोठी असली तर ती स्वतःच फाइंडरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात डोकावते, तो भाग झाकला जातो.

कार्डाचा स्लॉट एकच. मला व्यक्तिशः हा सगळ्यात मोठा दोष वाटतो, ऑटोफोकस नसण्यापेक्षाही मोठा. ऑटोफोकस नाही हे मला माहिती असतं, मी त्याप्रमाणे वागतो, पण कार्ड कधी जाईल हे कुणालाच माहिती नसतं आणि लग्न परत लागत नाही. माझ्या मिररलेसवर दोन कार्डांवर एकदम डेटा जातो, तो असताना एकट्या कार्डावर कुणाचं लग्न ठेवणं मला पटत नाही. २०२२ च्या एम११ मध्ये ६४ जीबीची आतली मेमरी आली, कार्डावर आणि आत एकदम सेव्ह करता येतं, ही फार चांगली सुधारणा झाली. एम१० मध्ये कार्ड किंवा बॅटरी बदलायची तर खालचं पूर्ण झाकण काढून हातात धरायचं, गर्दीत ते झाकण तोंडात धरून बॅटरी बदलायची वेळ माझ्यावर आलीये. एम११ मध्ये ते झाकणही गेलं. दिवसभराच्या कामाला एम१० ला मला तीन बॅटऱ्या लागतात.

व्हिडिओ एम१० मध्ये नाहीच. आजकाल प्रत्येक पार्टीला फोटोसोबत रील पाहिजे असते, म्हणजे दुसरी बॉडी गळ्यात येणारच.

एक चूक माझी स्वतःची लिहितो म्हणजे तुम्ही करणार नाही. एका हळदीला मी लेन्सची कॅप न काढता वीस-पंचवीस फोटो काढले. फाइंडरमधून सगळं छान दिसत होतं, कारण आपण लेन्समधून बघतच नाही! तेव्हापासून कामावर कॅप बॅगेतच ठेवतो, लेन्सवर फिल्टर आणि हूड, बास. दुसरं, माझ्या एका सहकाऱ्याकडे जुना रेंजफाइंडर आहे, बाइकवर धक्के खाऊन त्याची दोन चित्रं जुळण्यात बारीक फरक पडला, फाइंडरमध्ये फोकस बरोबर आणि फोटोत नाक शार्प, डोळे मऊ. त्याला ते दोन कामं झाल्यावर कळलं. ही मेकॅनिकल गोष्ट आहे, कुठल्याही रेंजफाइंडरची होऊ शकते, म्हणून दर कामाच्या आदल्या रात्री मी लेन्स पूर्ण उघडी ठेवून दाराच्या चौकटीवर दोन-तीन फोटो काढून झूम करून बघतो.

लोक ब्रेसाँचं, म्हणजे जुन्या काळच्या प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं, उदाहरण देतात की बघा तो लायकावर काम करायचा. बरोबर आहे, पण त्या काळात हाच छोटा, वेगवान कॅमेरा होता. लायकाचा एम३ १९५४ चा, आणि १९५९ ला निकॉन एफ आल्यावर हळूहळू पेपरवाले, खेळवाले सगळे एसएलआरकडे (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याकडे) गेलेच, कारण लांबच्या लेन्समधून जे दिसतं तेच फिल्मवर येणं ही कामाची गरज होती. ती गरज आजही तशीच आहे.

डिजिटल रेंजफाइंडरचा इतिहासही बघा. पहिला आला २००४ ला एप्सनचा आर-डी१, ६ मेगापिक्सेल, छोटा सेन्सर, शटर भरायला चक्क फिल्म कॅमेऱ्यासारखी दांडी. मग २००६ ला लायका एम८, त्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर फार पातळ, त्यामुळे काळे सिंथेटिक कपडे जांभळट यायचे, कंपनीने मालकांना लेन्सवर लावायला दोन फिल्टर फुकट दिले. लग्नाला काळे कोट घालून आलेल्या पाहुण्यांचं काय झालं असेल विचार करा. २००९ चा एम९ हा पहिला फुल फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा, त्याचे रंग आजही लोकांना आवडतात, पण त्याच्या सेन्सरवरच्या काचेला गंज लागतो, सेकंडहँड घेताना सेन्सर बदललाय का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. एम१० (२०१७) येईपर्यंत फाइल मात्र खरंच कामाची झाली. २४ मेगापिक्सेल, मी हॉलच्या पिवळ्या उजेडात ६४०० आयएसओपर्यंत (सेन्सरची संवेदनशीलता) बिनधास्त जातो आणि स्किनटोन सुंदर येतात. आणि २०२५ ला कंपनीनेच एम ईव्ही१ काढला, त्यात रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक फाइंडर बसवलाय. म्हणजे एमच्या लेन्स आवडतात पण दोन चित्रं जुळवणं जमत नाही असे गिऱ्हाईक भरपूर आहेत हे त्यांनाही दिसलंय.

पैशाचं म्हणाल तर एम११ अमेरिकेत ८,९९५ डॉलरला आला होता, नुसती बॉडी. तेवढ्यात दोन चांगल्या मिररलेस बॉड्या आणि २४-७० येते. ज्याचं घर फोटोग्राफीवर चालतं आणि ज्याच्याकडे अजून दुसरी बॉडी नाही त्याने याच्या नादाला लागू नये, हे मी अगदी मनापासून सांगतोय, ईएमआय काढून तर अजिबातच नको. ज्याचं काम डॉक्युमेंटरी, पोर्ट्रेट, घरगुती समारंभ, प्रवास असं आहे, जिथे पार्टी तुमच्या नजरेसाठी बोलावते आणि अमुक एक क्षण पाहिजेच असा करार नसतो, त्याला हा मुख्य कॅमेरा म्हणूनही जमेल. लेन्स लायकाच्याच पाहिजेत असं नाही, कोसिना बनवते त्या व्हॉइग्टलँडरच्या लेन्स याच माउंटला बसतात, खूपच स्वस्त पडतात आणि अल्बमच्या पानावर फरक सांगता येत नाही.

घ्यायचाच असेल तर आधी दोन-तीन दिवस कुणाचा तरी मागून आणा आणि पैसे न घेतलेल्या कार्यक्रमात वापरा, भाच्याची मुंज... नाही, मुंज नको, बारसं घ्या, तिथे सगळे एका जागी बसलेले असतात. रोज पंधरा मिनिटं घरात चालताबोलता माणसांवर फोकस करा. मला न बघता रिंगवरचं अंतर बोटाने कळायला चार महिने लागले.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होईल. पहिल्या कामाची बॅग अशीच भरणार आहे, दोन मिररलेस, ८५, ७०-२००, आणि वरच्या कप्प्यात एम१० वर ३५. सकाळी घरी, नवरीची आई तिला दागिने घालायला बसते तेव्हा तो बाहेर येतो. हॉलच्या दाराशी पोचलो की परत बॅगेत.