जेली केबल की ड्राय केबल? कोकणात लाईन टाकायच्या आधी

मे उजाडला की हा प्रश्न मला कोणीतरी विचारतंच. यंदा मेहुण्याने विचारलाय. त्याला शृंगारतळीकडून खाली खाडीकाठच्या वाड्यांपर्यंत आठ-नऊ किलोमीटर ऑप्टिकल फायबरची लाईन टाकायची आहे, अर्धी पोलवरून अर्धी जमिनीतून, आणि दुकानदाराने दोन कोटेशन हातात ठेवलीत, एक जेलीवाल्या केबलचं आणि एक ड्रायचं. फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू, बाकीच्यांनाही उपयोग होईल. २४ कोर (म्हणजे आत २४ फायबर), लूज ट्यूब (फायबर सैल ठेवलेल्या नळ्या), आर्मर (वरचं कवच) हे सगळं दोन्हीकडे सारखंच धरा, त्यात मी जात नाही. मी पहिली सहा वर्षं नुसती जेलीच ओढली, नंतर ड्रायवर आलो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, तरी शक्य तेवढं सरळ लिहितो.

आधी एक गोष्ट. फायबर भिजलं तर काय बिघडतं, ती काच आहे, कॉपरसारखं शॉर्ट थोडंच होणार, असं बरेच जण म्हणतात आणि ते खरंही आहे, पण फसगत तिथेच होते. कॉपरमध्ये पाणी गेलं की लगेच खरखर सुरू, फायबरमध्ये पाणी शिरलं त्या दिवशी काहीच कळत नाही, प्रकाश मोजायच्या पॉवर मीटरवर आकडा जिथल्या तिथे. मग ओल आणि ताण एकत्र आले की काचेवरच्या बारीक चिरा हळूहळू वाढतात, आतला धातू गंजला तर हायड्रोजन सुटून काचेत शिरतो आणि लॉस, म्हणजे वाटेत प्रकाश कमी होणं, चढतो, आणि एखाद्या गणपतीत अचानक चार घरांत लाल दिवा. अजून एक, जी.६५२डी या प्रकारच्या फायबरवर 'लो वॉटर पीक' लिहिलेलं बघून ती वॉटरप्रूफ समजणारे मी पाहिलेत. ते पाणी म्हणजे काच बनवतानाच आत राहिलेला ओलाव्याचा अंश, १३८३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास जो लॉस होतो त्याच्याशी त्याचा संबंध, पावसाशी नाही.

आपल्याकडे खरी भानगड वेगळी असते. वरच्या वाडीत पोलवर खार केबल कुरतडते, भोक टाचणीएवढं, पण पाणी केबलच्या आतल्या फटीतून उतारावर चालत राहतं आणि अर्धा किलोमीटर खाली जेसी बॉक्समध्ये, म्हणजे केबलचे जोड ठेवायच्या डब्यात, उतरतं. तुम्ही बॉक्स बदलता, पोरांना शिव्या घालता, आणि दोष असतो वर. म्हणजे पाणी आत येऊच नये यापेक्षा आलेलं पाणी पुढे जाऊ नये हे महत्त्वाचं, आणि या दोन केबलींत फरक आहे तो त्याच कामात. जेलीवालीत प्रत्येक फट मलमाने भरलेली, पाण्याला जागाच नाही. ड्रायमध्ये ट्यूबच्या भोवती फुगणारा धागा आणि टेप असते, लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच पावडर, पाणी लागलं की मिनिटा-दोन मिनिटांत फुगून वाट बंद करते. कागदावर दोघी पास. टेस्ट अशी असते की ३ मीटरचा तुकडा, त्याच्या तोंडावर १ मीटर उंचीचं पाणी, २४ तास, दुसऱ्या टोकाला थेंब आला नाही पाहिजे. तेव्हा सर्टिफिकेट बघून ठरवणार असाल तर ठरणार नाही.

जुने लाईनमन मात्र डोळे झाकून जेलीच सांगतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी टेलिफोनच्या जमान्यात कागदाच्या इन्सुलेशनची केबल बघितलेली, तिच्यात कोरड्या हवेचा दाब भरून ठेवायला लागायचा, मग जेली भरलेली कॉपर केबल आली तेव्हा त्यांना देवच भेटला असणार.

आता मला जे नडलं ते सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझे तीसेक बॉक्स पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर बघतो तर केबल सगळी धडधाकट, जेलीवालीही आणि एका गल्लीत नवीन टाकलेली ड्रायही. गेले ते बॉक्स, आत गाळ. म्हणजे तीसच्या तीस बॉक्स उघडा, तोडा, केबल नवीन सोलून परत जोडा. लाईट नाही, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन जनरेटरवर, डोक्यावर ताडपत्री, वर पाऊस आणि खाली चिखल. जेली केबल सोलली की आधी ट्यूबच्या बाहेरची घट्ट चिकट जेली, ती पुसली की ट्यूबमधली पातळ जेली, आणि पुसायचं कशाने, तर हातातला कपडा आधीच गाळाने माखलेला. आपली लाल माती जेलीला अशी धरते की विचारू नका. तो कण बोटावरून फायबरवर, फायबरवरून, फायबर कापायच्या क्लीव्हरच्या ब्लेडखाली, तिथून मशीनच्या खाचेत, आणि मशीन म्हणतं घाण आहे, परत करा. जो जॉइंट घरात बसून ०.०२ डीबी लॉसला येतो तो तिथे तीनदा करून ०.३. रात्री टॉर्चच्या उजेडात जेलीने माखलेली स्लेट (राखाडी) आणि व्हाईट रंगाची फायबर ओळखून दाखवा मला. एका पोराने वैतागून पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, जेली गेली आणि फायबरचा रंगपण गेला, मग ती बारा पांढरट केसं कुठली कुठली ते एकेक लाईट मारून शोधत बसलो. मोबाईलवर जेली, गाडीच्या हँडलवर जेली, डब्यातल्या चपातीलापण तोच वास.

ड्रायच्या गल्लीतले चार बॉक्स त्याच दोघा पोरांनी दुपारच्या जेवणाआधी आटपले. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण जेलीचे चार करायला अख्खा दिवस जात होता एवढं नक्की. माझं मत त्या दुपारी ठरलं.

आणि पूर काय रोज येत नाही म्हणाल, तर पुराशिवायही केबल उघडावी लागतेच की. नवीन वाडीत चार कनेक्शन मागितली की चालू केबल मधेच उघडून दोन कोर बाहेर काढायचे, बाकीचे बावीस न तोडता. हे काम जेलीत करून बघा. वर्षात असं किती वेळा करणार आहात ते मोजा, माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी होतं. शिवाय पोलवर उभ्या लावलेल्या बॉक्समध्ये एप्रिल-मेच्या उन्हात जेली ओघळून आतल्या जोडांच्या ट्रेवर उतरलेली मी दोन-तीनदा पाहिलीय. कदाचित माल हलका असेल, सगळ्यांची तशी होत असेल असं नाही.

एक मात्र विचारून घ्या. दुकानात 'ड्राय' म्हणून जी मिळते ती बहुतेकदा अर्धी ड्राय असते, ट्यूबच्या बाहेर कोरडी पण ट्यूबच्या आत थोडी जेली असतेच. माझीही तीच आहे आणि मला चालते, कारण जीव खाते ती बाहेरची चिकट जेली, आतली दोन फडक्यांत जाते. ट्यूबसुद्धा कोरडी हवी असेल तर तसं स्पष्ट लिहून मागा.

जेलीच्या बाजूनेही बोलायला हवं, दोन ठिकाणी ती सरस आहे. पहिलं म्हणजे खारं पाणी. ती फुगणारी पावडर गोड्या पाण्यात जेवढी फुगते तेवढी मिठाच्या पाण्यात फुगत नाही, बरीच कमी फुगते, त्यामुळे खाडीच्या कडेने, भरतीचं पाणी जिथे केबलच्या पाईपमध्ये (डक्टमध्ये) चढतं तिथे, मी स्वतः आजही जेलीच टाकतो. दुसरं म्हणजे निष्काळजी पोरं. ड्रायचं कापलेलं टोक टोपी न लावता रात्रभर पावसात सोडलं तर सकाळी आतून शेंबडासारखं फुगून बाहेर आलेलं असतं, मला एकदा दोन मीटर कापून टाकायला लागले. जेलीला अशी चूक माफ असते.

बॉक्सचं थोडक्यात, कारण त्यावर लिहायला लागलो तर वेगळाच विषय होईल. तोंड खाली करून टांगा, रिकाम्या पोर्टला (केबल आत घ्यायच्या भोकाला) बूच लावा, बॉक्समध्ये किंवा घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. बूच हरवलेल्या पोर्टपुढे जेली काय नि ड्राय काय.

तर मेहुण्याला मी सांगितलंय की पोलवरची सगळी आणि रस्त्याकडेची जमिनीतली ड्राय घे, खाडीलगतचा शेवटचा एक-दीड किलोमीटर जेली, आणि दोन्ही जिथे जोडशील तो बॉक्स भरतीच्या रेषेच्या चांगला वर ठेव. तुमच्याकडे लाईन एकदा टाकली की दहा वर्षं उघडायचीच नाही असं असेल तर जेलीने काही बिघडणार नाही, पण असा ऑपरेटर मला अजून भेटायचाय. विश्वास नसेल तर ऑर्डर द्यायच्या आधी दुकानदाराकडून ड्रायचा अर्धा मीटर तुकडा मागा, टेप काढून दोन ग्लासांत टाका, एकात विहिरीचं पाणी, एकात खाडीचं, आणि स्वतः बघा. जेलीचा तुकडाही देईल तो, पण तो घरात आणू नका, पडवीतच सोला.