मसाई पठार की भोगावती खोरे?

कोल्हापुरातून डोंगरी सायकल घेऊन निघणाऱ्यासमोर दोन वाटा ठळकपणे येतात. पहिली वाघबीळमार्गे पन्हाळ्यावर चढते आणि पुढे पश्चिमेला मसाई पठारावर जाते, तर दुसरी हळदी, परितेमार्गे भोगावतीच्या खोऱ्यातून राधानगरीकडे जाते.

पन्हाळा शहरापासून जेमतेम 20 किलोमीटरवर असला तरी तो सुमारे 3,000 फूट उंचीवर आहे, त्यामुळे पठाराचे खरे रूप दिसण्याआधीच घाटाची चढण पायांची परीक्षा घेते. पठारावर जांभा दगड, विखुरलेले गोटे आणि आडोसा नसलेला वारा असतो. तिथे रुंद टायरमधील हवा थोडी कमी ठेवली की पकड सुधारते. पावसाळ्यात मात्र दगडावर शेवाळ धरते आणि धुक्यात वाट हरवते, म्हणून हिरवाईचा मोह आवरून ऑक्टोबरनंतर जाणेच शहाणपणाचे. 1660 मध्ये शिवाजी महाराज याच डोंगररांगेतून विशाळगडाकडे गेले, तेही भर पावसात. पण त्यांचा नाइलाज होता.

भोगावतीची वाट लांब असली तरी सौम्य आहे. चढ-उतार बेताचे, गावोगावी चहा आणि पाण्याची सोय. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे मुख्य रस्ता त्रासदायक होतो, तेव्हा नदीकाठच्या पाणंदी बऱ्या. राधानगरीपुढे दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य लागते. तिथे वनखात्याचे नियम पाळावेच लागतात.

नवख्याने भोगावती निवडावी. सायकलवर हुकमत असलेल्याला मात्र मसाईच अधिक समाधान देईल, असे माझे मत आहे.