फराळ, गोधडी की हलव्याचे दागिने: घरून विकायला काय निवडावं?

हाताला चव आहे, शिवणही बरं येतं, मग घरून विकायला आधी काय सुरू करू? हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत शेजारच्या आणि नात्यातल्या इतक्या जणींनी विचारला की एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. आमच्या घरातल्या तीन जणी तीन वेगळ्या गोष्टी विकतात. मी डोंबिवलीला दिवाळीचा फराळ आणि भाजण्या करते. मोठ्या जाऊबाई साताऱ्याला हातशिलाईच्या गोधड्या शिवतात. नाशिकची मावशी संक्रांतीचे हलव्याचे दागिने करते. तिघीही हिशेबाची वही ठेवतो. हे लिहिण्यासाठी मी त्या दोघींच्या वह्या मागून घेतल्या. खालचे आकडे त्यांतलेच आहेत, तुमच्या गावात भाव थोडे इकडेतिकडे असतील.

माझं मत आधीच सांगते. आपल्याला काय छान जमतं ते दुय्यम धरा, घरात वेळ कसा मिळतो ते आधी बघा. सलग चार तास मोकळे मिळतात, की दिवसभरात अर्धा-अर्धा तास सुटा मिळतो? ज्या बायका दमून थांबल्या त्यांतल्या बहुतेकींचा पदार्थ उत्तम होता, शिवण सुबक होती. काम आणि घराचा वेळ यांचा मेळ मात्र बसला नव्हता.

फराळ: पैसा लवकर, उसंत नाही

चकलीचंच घेऊ. एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची डाळ, वर धने-जिरे, ही माझी भाजणी. धुऊन, सावलीत वाळवून, एकेक जिन्नस वेगळा खमंग भाजायचा आणि गिरणीत डाळीवर दळून घ्यायचा. गव्हावर दळलं तर पिठात गहू मिसळतो, चकलीचा पोत बिघडतो. इथपर्यंतचं काम तुकड्या-तुकड्यांत होतं. आज धुतलं, उद्या भाजलं, परवा गिरण. पण एकदा कडकडीत मोहन घालून पीठ भिजवलं की थांबता येत नाही. कढईत तेल तापलेलं, सोऱ्यात पीठ भरलेलं आणि दारात पोस्टमन, हे माझ्याकडे रोजचं आहे. म्हणून मी एका मदतनीस ताईंशिवाय तळणीला बसतच नाही.

हिशेब असा. किलोभर चकलीला भाजणी, तेल, तीळ, तिखट मिळून 215 रुपये, गॅस 25, पाकीट आणि लेबल 30, ताईंची मजुरी 80. झाले 350. मी 560 ला विकते, म्हणजे किलोमागे 210 उरतात. पाच किलो करायला बाजारहाट, भाजणं, तळणं, भरणं, ओटा घासणं धरून माझे सहा तास जातात. तासाला साधारण 175 रुपये पडले. तिघींत हा दर सगळ्यांत जास्त आहे. पैसेही माल हातात देताना मिळतात, उधारी जवळजवळ नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. हा दर वर्षातले पाच आठवडे मिळतो. बाकीचे महिने मला थालीपिठाची भाजणी सांभाळते, कारण ती तळावी लागत नाही, कोरडी राहिली तर दोन महिने टिकते आणि नोकरी करणाऱ्या मुली ती बारा महिने नेतात. खाण्याच्या धंद्यात उतरणार असाल तर चकलीपेक्षा भाजणीपासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगेन.

नियम फराळालाच जास्त लागतात. घरून खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. मी केली तेव्हा लहान व्यवसायाची फी वर्षाला 100 रुपये होती. तो 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा, सोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्यावं लागतं. वरच्या हिशेबात गॅस 25 रुपये धरलाय तो त्याचाच. घरातल्याच गॅसवर करते म्हणून गॅस शून्य धरला, तर भाव चुकतो आणि पुढे वाढवताना गिऱ्हाईक नाराज होतं.

आणि हवा. डोंबिवलीत ऑक्टोबरात घामाच्या धारा लागलेल्या असतात. दुसऱ्याच वर्षी मी घाईत बारा किलो चकल्या कोमट असताना पाकिटात भरल्या. आतल्या वाफेने दोन दिवसांत त्या मऊ पडल्या. सगळ्यांचे पैसे परत दिले, नफा तर गेलाच, भाजणीचे पैसेही अंगावर आले. तेव्हापासून तळलेलं ताट दोन तास पंख्याखाली, वर सुती कापड, आणि मगच भरणं. बिघडलेली गोधडी उसवून परत शिवता येते, मऊ पडलेली बारा किलो चकली कुणाला द्यायची?

गोधडी: सुई टोचून उठता येतं

जाऊबाईंची वही वाचताना मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं. एकेरी गोधडीत त्या चार-पाच जुन्या सुती साड्या एकावर एक घालतात, कडेने पट्टी लावतात आणि धावदोऱ्याने बाहेरून आत चौकोनात टाके घालत येतात. शिवायला जातात 42 तास. दोरा 160, पट्टीचं कापड आणि धुलाई 240. विकतात 2,800 ला. उरलेले 2,400 भागिले 42 केले तर तासाला 57 रुपये होतात. माझ्या दराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके.

नुसता हा आकडा बघून निर्णय घेऊ नका. जाऊबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. दर दोन तासांनी त्यांना औषध, कूस बदलणं, मधूनच हाक. त्या घरात तळणीचं काम उभंच राहू शकत नाही. गोधडीचं तसं नाही. हाक आली, सुई कापडात टोचली, उठल्या. तासाने परत बसल्या तेव्हा टाका होता तिथेच होता. त्यांना 57 रुपये ज्या तासाचे मिळतात, तो तास दुसऱ्या कोणत्याही कामाला विकता आला नसता.

त्यांची खरी अडचण भावाची होती. शेजारच्या बाजारात मशीनवर शिवलेली दुलई 900 ला मिळते, आणि गिऱ्हाईक दोन्ही हातांत घेऊन तोलतं. पहिल्या वर्षी त्यांनी आठ गोधड्या शिवून ठेवल्या, पाच खपल्या, तीन कपाटात. तीन गोधड्या म्हणजे सव्वाशे तास अडकून पडले. मग त्यांनी तयार माल शिवून ठेवणं बंदच केलं. आता लोक स्वतःच्या घरच्या साड्या आणून देतात. कुणाची आई गेलेली असते, कुणाच्या आजीची लुगडी ट्रंकेत असतात. निम्मे पैसे आगाऊ, दीड महिन्याची मुदत. आईच्या साडीच्या गोधडीची तुलना कुणी 900 रुपयांच्या दुलईशी करत नाही. भाव करणारी माणसं या कामात त्यांना भेटलीच नाहीत असं त्या सांगतात. एक बाई गोधडी घ्यायला आल्या, घडी उलगडून एका निळ्या तुकड्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. ते बघून जाऊबाईंनी ठरवलं, साडीवर हळदीचा डाग असेल तर तो तुकडा कापून टाकायचा नाही, आधी विचारायचं.

हात भरायला मधे त्या बाळाची दुपटी शिवतात. सहा-सात तासांत होतं, 500 ला जातं. नवीन शिवणारीने दुपट्यापासूनच सुरू करावं. टाक्याचं अंतर सारखं यायला निदान चार-पाच दुपटी हाताखालून जावी लागतात. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, पहिल्या दिवसापासून घाला, आणि दुपारच्या उजेडात शिवा. मानेचं आणि डोळ्यांचं दुखणं हा या कामाचा खर्च आहे आणि तो वहीत कुणीच लिहीत नाही.

हलव्याचे दागिने: दोन्हींच्या मधलं

मावशीचं काम स्वयंपाकाचं म्हणावं की हस्तकलेचं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. साबुदाणा किंवा तीळ परातीत मंद आचेवर घ्यायचा, चमचा-चमचा पातळ पाक सोडायचा आणि दाणे हाताने हलवत राहायचं. असं रोज काही तास, सहा-सात दिवस. दाण्यावर काटा उभा राहतो तो कोरड्या थंडीत. मावशी पहाटे चारला बसते, कारण नाशिकची डिसेंबरातली पहाट त्याला लागते. मी हाच उद्योग डोंबिवलीत करून पाहिला, दाणे गुळगुळीत राहिले. समुद्राजवळ राहत असाल तर तयार हलवा विकत आणा आणि फक्त गुंफण्याचं काम करा. त्यातही चांगले पैसे आहेत.

नव्या सुनेच्या संचात मुकुट, नथ, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा. जावयाला हार आणि नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला छोटा मुकुट, बासरी, वाळे. सुनेचा संच 1,400 ला जातो, सामान 250 चं, वेळ हलव्यासकट बारा तास. तासाला साधारण 96 रुपये. आकडा माझ्या आणि जाऊबाईंच्या मधला, आणि वेळही मधलाच: हलवा करताना उठता येत नाही, गुंफताना येतं. मात्र संक्रांत ते रथसप्तमी एवढ्यात सगळं विकलं जायला हवं. उरलेला संच दमट हवेत चिकट होतो आणि मुंग्या त्याला सोडत नाहीत. मावशी म्हणून डिसेंबरच्या वीस तारखेनंतर ऑर्डर घेतच नाही.

पापडाची आठवण

खाण्याचं काम तुकड्यांच्या वेळात बसतच नाही असं माझ्या लिहिण्यावरून वाटलं असेल, तर लिज्जत पापड आठवा. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. पुढे त्यांनी कामाची वाटणी केली ती मला फार शहाणपणाची वाटते. पीठ केंद्रावर एकाच ठिकाणी मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटून वाळवायचं आणि पापड परत आणून द्यायचे. सलग वेळ मागणारं काम एका जागी ठेवलं, सुट्या वेळात होणारं घरोघरी दिलं. तुम्ही दोघी-तिघी मैत्रिणी असाल तर हेच करता येईल. जिच्या घरी सकाळ मोकळी आहे तिने तळावं, जिला उसंत नाही तिने पाकिटं भरावी, लेबलं लावावी, ऑर्डरी लिहून घ्याव्या.

प्रदर्शनांबद्दल थोडंच सांगते. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा बचतगटांसाठीचं महालक्ष्मी सरस मोठं आहे, पण पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. सलग इतके दिवस माल पुरवायला हातात साठा हवा, आणि नव्या माणसाकडे तो नसतो. पहिली वीस गिऱ्हाइकं इमारत, शाळा आणि नातेवाईक यांतूनच मिळतात.

निवडण्याआधी एक आठवडा करून बघा. ओट्याजवळ एक वही ठेवा आणि रोज किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत कुणी हाक मारली नाही, तेवढंच लिहा. तीन-तीन तासांचे निदान चार पट्टे निघाले तर फराळ झेपेल. सगळे पट्टे तासाच्या आतले असतील तर गोधडी. दोन्हींच्या मधलं काही निघालं तर हलव्याचे दागिने.

फराळ ठरला तर गणपती विसर्जनानंतर लगेच नोंदणीचा अर्ज करा आणि नवरात्रात दोन किलो भाजणी दळून ओळखीच्या चार घरी पैसे घेऊन द्या, फुकट नको. गोधडी ठरली तर आजच घरातली एक मऊ झालेली सुती साडी काढा, धुऊन वाळवा आणि नव्वद सेंटिमीटरच्या चौकोनाचं दुपटं कापा. हलवा ठरला तर डिसेंबरची पहिली गार पहाट गाठा, पाव किलो साखरेचा पाक पुरे.