जळगावहून अंधेरीला जाताना: दादर की घाटकोपर?

जळगाव-भुसावळकडून मुंबईला जाणाऱ्या आमच्यासारख्या प्रवाशांना अंधेरी गाठायची असेल, तर बहुतेक जण सवयीने दादरला उतरतात आणि मध्य रेल्वेचे फलाट सोडून, हातात भरिताची वांगी व कळण्याच्या पिठाच्या पिशव्या घेऊन, पूल ओलांडत पश्चिम रेल्वेची लोकल पकडतात. मी गेल्या काही फेऱ्यांपासून ठाण्याला उतरतो, तेथून लोकलने घाटकोपरला येतो आणि मेट्रो धरतो.

२०१४ मध्ये सुरू झालेली ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो मुंबईतील पहिली. सुमारे ११.४ किलोमीटरच्या मार्गावर १२ स्थानके आहेत. डबे वातानुकूलित असून सरकते जिने असल्याने वयस्कर आईला सोबत नेताना मला फार मोठा आधार वाटतो. लोकलच्या तुलनेत भाडे जास्त पडते, तरी ते मला योग्यच वाटते. मात्र कार्यालयीन वेळेत घाटकोपरला प्रचंड गर्दी असते, त्यामुळे सामान असेल तर पहाटे पोहोचणारी गाडी निवडावी. एकट्याने, हलक्या सामानानिशी जाणाऱ्यास दादरचा मार्ग आजही स्वस्त आणि पुरेसा आहे.