शॉकअपचे पाईप नवे म्हणून पैसे घेतले, बसवले जुनेच

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या पुढच्या डाव्या शॉकअपवर (हादरे झेलणाऱ्या दांड्यावर) तेलाचं कडं दिसलं. उजवीकडेही थोडा ओलावा होता. घराजवळच्या गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, "दोन्ही पाईप गेलेत दादा, नुसती सीलं टाकून टिकायचं नाही." पाईप म्हणजे शॉकअपची चकचकीत नळी, सील म्हणजे तिच्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी. डाव्या पाईपवर समोरच गंजाचा खड्डा मला दिसत होता, त्यामुळे पटलं. पाईप, सीलं, तेल, मजुरी धरून 4,600 रुपये दिले. संध्याकाळी पाईप समोरून चकचकीत होते. जुने मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला. बिल साध्या कागदावर, नुसती बेरीज.

बाविसाव्या दिवशी पन्हाळ्याहून उतरताना पुढचा ब्रेक लागेना. तेल गळून डिस्कवर आलं होतं. मागे माझी मुलगी बसली होती. मागचा ब्रेक आणि गिअरवर गाडी कशीबशी कडेला घेतली. ते आठवलं की अजून हात थरथरतात.

उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी माझ्यासमोर शॉकअप खोलला. डाव्या पाईपवरचा तोच खड्डा, फक्त पाईप फिरवून चाकाकडच्या बाजूला लपवलेला! पाईपला पॉलिश पेपर मारलेला. वरचं, धूळ अडवणारं डस्ट सील तेवढं नवं, आतलं, तेल अडवणारं ऑईल सील जुनंच, कडक झालेलं. शॉकअपच्या खास तेलाऐवजी (फोर्क ऑईल) काळं इंजिन ऑईल. जाड तेल थोडे दिवस गळती दाबून धरतं, तेवढ्यात गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असतं.

मिस्त्रींनी माझं बोट धरून नख पाईपवरून फिरवायला लावलं. सील जिथून वरखाली होतं त्या भागात नख अडकलं, तर तिथे नवं सीलही टिकत नाही, खड्ड्याची धार त्याची रबरी कड कापते. उजव्या बाजूला तर काहीच बिघडलेलं नव्हतं. डस्ट सील वर सरकवून त्यांनी जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी सीलच्या कडेत घालून गोल फिरवली, चिखलाची बारीक वाळू बाहेर आली, पाईप पुसला आणि गळती थांबली. त्याच बाजूच्या पाईपचे मी पैसे मोजले होते.

म्हणून कळकळीने सांगतो, गाडी देण्याआधी पाईपचा फोटो काढा, खड्ड्याजवळ मार्करने खूण करा, जुने पाईप आणि सीलं परत हवीत हे काम सुरू व्हायच्या आधीच बोला. तेल किती मिली घातलं ते विचारा, बहुतेक गाड्यांना दोन्ही बाजूंना कंपनीच्या मापाने सारखंच लागतं. आणि वॉशिंगला प्रेशरचा फवारा डस्ट सीलवर मारू देऊ नका, वाळू तिथूनच आत जाते.

फोटो नव्हता, म्हणून पहिल्या गॅरेजवाल्यासमोर मला काही सिद्ध करता आलं नाही. डाव्या बाजूचा पाईप, सील आणि तेल प्यालेले ब्रेक पॅड नव्याने घ्यावे लागले.