पर्शियन, मेन कून की सयामी: सोलापुरात राहून ठरवायचं असेल तर

भाच्याला मांजर घ्यायचंय. साधं नाही, जातीचं. महिनाभर रोज एक फोटो येतोय, खाली 'मामा, हे कसंय?' त्याच्या आजीचं मत एका वाक्यात संपलं: "गल्लीत फुकट फिरतंय, त्याला वीस हजार कशाला?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ज्याला घ्यायचंच आहे त्याच्यासाठी लिहितो. माझ्याकडे आधी पर्शियन बोका होता, आता सयामी आहे, आणि होटगी रोडच्या मित्राचा मेन कून मी पंधरा दिवस सांभाळलाय.

मला सांगितलेले भाव असे: पर्शियन डॉल फेस (नाक थोडं तरी वर असलेलं) पंधरा हजार, पंच फेस (एकदम चपट्या तोंडाचं) तीसच्या वर, सयामी पंचवीस. मित्राने मेन कूनला ऐंशी मोजले. दुसऱ्या दुकानात दुसरे आकडे ऐकाल, त्यामुळे यावर फार विसंबू नका. मांजर पंधरा वर्षंसुद्धा जगतं, तेव्हा पिल्लाची किंमत हा हिशेबातला छोटा भाग.

पर्शियन दिसायला राजा, यात शंका नाही. स्वभावही गरीब. माझा लाडू दिवसभर दिवाणावर पडून असायचा, आल्यागेल्याला ओरबाडणं नाही की ओरडणं नाही. पण पंच फेसला जादा पैसे मागतात ते मला अजून पटत नाही. चेहरा जितका चपटा तितकं नाक आखूड, श्वासाला त्रास, डोळ्यांतून पाणी. मांजराला आपल्यासारखा घाम येत नाही, उकडलं की तोंड उघडून धापा टाकतं आणि चपट्या नाकाचं लवकर दमतं. मे महिन्यात बेचाळीस अंशाला लाडूची छाती भात्यासारखी हलताना बघून माझी दुपारची झोप गेली. आमच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण कूलरलाही पाणी लागतं. आणि माझं घोडं तिथंच अडलं.

आमच्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. पर्शियनच्या मागच्या पायांवर पायजमा घातल्यासारखे दाट केस असतात. पोट जरा बिघडलं की सगळं त्या पायजम्यात अडकतं. मग ते घेऊन महाराज लिटरच्या (मांजराच्या शी-शूच्या वाळूच्या) ट्रेमधून थेट दिवाणावर. ओल्या फडक्याने पुसून भागत नाही, धुवावंच लागतं. कोमट पाण्याच्या दोन बादल्या, शाम्पू, मग वाळवणं, कारण ओले राहिले तर केसांचे नमद्यासारखे गठ्ठे होतात. एकदा हे चौथ्या दिवशी रात्री अकराला झालं. टाकीचा तळ दिसत होता, पिण्याच्या दोन कळशा भरलेल्या. मी त्यातल्या एका कळशीकडे बघितलं आणि बायकोने माझ्याकडे बघितलं. पुढचं लिहीत नाही.

शेपटीखालचे केस कापून घेतले की हे बरंच कमी होतं, तेवढं प्रामाणिकपणे सांगतो. ग्रूमिंगला एका वेळेस बाराशे जायचे, दर दीड महिन्याने. उन्हाळ्यात लायन कट, म्हणजे सिंहासारखी आयाळ ठेवून अंगावरचे केस भादरणं, करून घेतला तर बारा हजारांचा बोका सोललेल्या कणसासारखा दिसू लागला. शेवटी लाडू पुण्याला बहिणीकडे गेला. तिथं एसी आहे, रोज पाणी आहे, तो सुखात आहे.

तरीही पर्शियनच घेणार असाल तर एक गोष्ट विचारा. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी. आईबापांपैकी एकाकडून जरी तो जनुक आला तरी आजार होतो, आणि आईबापांत आजारी एक जरी असलं तरी पिल्लाला तो यायची शक्यता निम्मी. डीएनए चाचणी होते. मी विचारलं तेव्हा विकणारा म्हणाला, "साहेब, आमच्याकडं तसलं काय नसतंय." कागद मात्र नव्हता.

मेन कूनचं थोडक्यात. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, बर्फातल्या मेन राज्यातलं मांजर, त्यामुळे अंगावर दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर. पूर्ण वाढायला तीन-चार वर्षं घेतं आणि तोवर खात राहतं. मित्राच्या सात किलोच्या बोक्याने पंधरा दिवसांत लाडूच्या दुप्पट फस्त केलं. नेहमीच्या ट्रेमध्ये तो मावत नव्हता, निम्मं लिटर फरशीवर. कुत्र्यासारखा मागे मागे फिरतो, खरंच गोड आहे. पण या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायला मित्र अडीचशे किलोमीटर पुण्याला गेला. गाडी, एसी आणि बंगला असेल तर जरूर विचार करा.

राहिली सयामी. आमची काजळ. आखूड, अंगाला चिकटलेले केस, आतला लोकरी थर जवळपास नाहीच. दोन वर्षांत तिला एकदाही आंघोळ घातलेली नाही. खरारा आठवड्यातून एकदा, तोही लाडाचा. ग्रूमिंगचा खर्च शून्य.

गंमत तिच्या रंगाची. सयामीत रंग तयार करणारं एन्झाइम थंड भागातच नीट चालतं, म्हणून कान, तोंड, पंजे, शेपूट काळपट आणि मधलं अंग फिकट. पिल्लं जन्मतात ती पांढरीच. म्हणून फार लहान पिल्लू दाखवून कोणी 'सयामी' म्हणालं तर आई दाखवा म्हणावं. पर्शियनच्या पोटचं तसल्याच रंगाचं झुबकेदार पिल्लूही त्या नावाने खपवतात. उष्ण हवेत रंग फिकाच राहतो, तेव्हा सोलापुरी सयामी फोटोतल्याइतकी गडद होईलच असं नाही.

दोष? आवाज. मांजरासारखा नाहीच तो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अक्का दारात आल्या, "काय ओ, लेकरू रडालंय का घरात?" वयात आल्यावर तर रात्रभर, नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा निवळलं. शिवाय एकटं राहवत नाही तिला. आमचा टेरी टॉवेलचा धंदा, घरात नमुन्यांचे ढीग, आणि टॉवेलच्या फाशांत नखं अडकवून ओढणं हा तिचा आवडता उद्योग. महिन्याला चार-पाच नमुने बाद होतात. मी ते तिच्या खर्चात धरत नाही, बायको धरते.

भाच्याने काल परत पांढऱ्या पंच फेसचा फोटो पाठवलाय. मी एवढंच कळवलं, की आणणारच असशील तर पाणी सुटायच्या दिवशी आण.